युकॉनमध्ये हंगाम सरताना भाड्याची मोटरहोम: कधीपर्यंत घ्यावी, कधी सोडून द्यावी

कॅनडाच्या वायव्येकडच्या युकॉन प्रदेशाची राजधानी व्हाइटहॉर्सला विमानानं उतरायचं, भाड्याची मोटरहोम ताब्यात घ्यायची आणि डॉसन सिटी, अलास्कातलं टोक हे गाव, हेन्स जंक्शन असा फेरा मारून परत यायचं. जुलैत या बेताला फक्त पैसे लागतात. सप्टेंबरमध्ये भाडं चांगलंच उतरतं, डास संपलेले असतात, कॅम्पग्राउंडवर संध्याकाळी पोचलं तरी तळ्याकाठची जागा मिळते आणि रात्री काळोख्या झाल्यामुळे ध्रुवीय प्रकाश दिसायची शक्यता असते. या स्वस्ताईची वसुली होते ती पाण्याच्या पाइपांतून. टाकी, पंप, नळ आणि सांडपाण्याच्या झडपा गोठल्या की चाकांवरचं घर म्हणून घेतलेल्या गाडीची फक्त एक अवजड खोली उरते.

निकाल आधीच सांगितलेला बरा. ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते साधारण १५ सप्टेंबर: पाचपैकी साडेचार, खुशाल घ्या. १५ ते ३० सप्टेंबर: पाचपैकी तीन, तेही पुढचं सगळं वाचून. ऑक्टोबर: दीड, आणि तो अर्धा फक्त भाडं कमी म्हणून.

इथे हाताशी येणारी गाडी बहुधा फोर्डच्या ई-४५० चासीवरची, २४-२५ फुटी क्लास सी असते. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग, मागे जुळी चाकं, पेट्रोल इंजिन, २०० लिटरच्या आसपास टाकी. शंभर किलोमीटरला २५ ते ३० लिटर पेट्रोल धरा. कंपन्या वेगवेगळ्या असल्या तरी गाड्या आणि अटी इतक्या सारख्या आहेत की एका कंपनीला वेगळे तारे देण्यात अर्थ नाही.

रस्त्याचं गणित सोपं दिसतं. व्हाइटहॉर्स ते डॉसन सुमारे ५३० किलोमीटर, डॉसन ते टोक ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ हायवेनं ३००, टोक ते व्हाइटहॉर्स अलास्का हायवेनं सव्वासहाशे. मिळून साडेचौदाशे, आणि इकडचीतिकडची वळणं धरून सतराशे. करारात रोजचे १०० किलोमीटर धरलेले असतील तर दहा दिवसांत हजारच होतात. उरलेल्या सातशेचा दर किलोमीटरप्रमाणे वेगळा लागतो. ऑफ-सीझनची सवलत इथे बरीचशी परत जाते, त्यामुळे ‘अनलिमिटेड’ किलोमीटरचा पर्याय असेल तर आधी तो विचारा. युकॉनमध्ये विक्रीकर म्हणून फक्त ५ टक्के जीएसटी लागतो. प्रांताचा वेगळा कर नाही. तेवढाच दिलासा.

या फेऱ्यातला नाजूक दुवा म्हणजे डॉसन ते टोक. डॉसनला युकॉन नदीवर पूल नाही. जॉर्ज ब्लॅक नावाची फेरीबोट गाड्या पलीकडे नेते. ती फुकट आहे आणि नदी गोठायला लागेपर्यंत चालते. पलीकडचा रस्ता आणि त्यावरची सरहद्दीची चौकी मात्र उन्हाळ्यापुरतीच उघडी असते आणि सप्टेंबरमध्ये बर्फ पडलं की लवकर बंद होऊ शकते. चौकीला रात्रीचं कुलूप असतंच, शिवाय सप्टेंबरमध्ये अलास्काचं घड्याळ युकॉनच्या एक तास मागे असतं. चौकीची वेळ वाचताना ती कुठल्या घड्याळाची आहे ते बघा. रस्ता बंद झाला तर डॉसनहून आल्या वाटेनं व्हाइटहॉर्सला परत यायचं, एवढाच पर्याय. म्हणून १५ सप्टेंबरनंतर जात असाल तर फेरा डॉसनकडूनच सुरू करा. तो टप्पा आधी उरकतो, आणि अडलंच तर हातात दिवस असतात. आणखी एक, अलास्का म्हणजे अमेरिका. भारतीय पासपोर्टवर कॅनडाच्या व्हिसाखेरीज अमेरिकेचा व्हिसाही लागतो आणि गाडी सरहद्दीपार न्यायला कंपनीचं पत्रही.

आता गाडीच्या आतलं, कारण या गाड्यांची खरी परीक्षा तिथेच होते.

सप्टेंबरच्या मध्यानंतर रात्री पारा शून्याखाली जाणं नेहमीचं. उणे दोन-तीन अंश, तेही पहाटेपुरते, साधी क्लास सी सहज काढते. उणे सात-आठ अंश सहा-सात तास टिकले की गाडीच्या पोटाखालचे उघडे भाग गोठू लागतात. आधी सांडपाण्याच्या झडपा, मग बाहेरच्या शॉवरची पेटी, मग पंपाच्या तोंडावरच्या गाळणीची पारदर्शक वाटी, मग टॉयलेटची प्लॅस्टिकची पाण्याची झडप. क्रम गाडीगणिक थोडा बदलतो, पण तडा जातो तो या चारांपैकीच कशाला तरी. करारात ‘गोठल्यामुळे झालेलं नुकसान’ विम्याबाहेर ठेवलेलं असतं, त्यामुळे तो तडा तुमच्या डिपॉझिटमधून भरला जातो.

गाडी ताब्यात घेताना एक प्रश्न नक्की विचारा: टाक्या फर्नेसच्या (खोली तापवणाऱ्या प्रोपेनच्या भट्टीच्या) उबेच्या आत आहेत की बाहेर? आत असतील तर फर्नेसची गरम हवा एका छोट्या नळीनं टाक्यांच्या कप्प्यातही जाते. इथेच एक चांगला वाटणारा उपाय अंगाशी येतो. विजेची जोडणी असलेल्या पार्कात लोक प्रोपेन वाचवायला छोटा इलेक्ट्रिक हीटर लावतात. खोली गरम होते, थर्मोस्टॅट समाधानी राहतो, फर्नेस सुरूच होत नाही आणि खालच्या टाक्यांना ऊब मिळत नाही. सकाळी आत २० अंश आणि नळ कोरडा. हीटर लावायचा असेल तर थर्मोस्टॅट असा ठेवा की रात्रीतून फर्नेस अधूनमधून चालेल. सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, आणि पाण्याचा होज रात्रभर नळाला जोडून ठेवू नका. टाकी भरून घ्या, होज काढा, झटकून आत ठेवा.

फर्नेसची भूक किती? ३०,००० बीटीयूची (हे तासाला मिळणाऱ्या उष्णतेचं माप) फर्नेस रात्रीचा अर्धा वेळ चालली तर तासाला साधारण एक तृतीयांश किलो प्रोपेन जळतं; बारा तासांच्या रात्रीला चार किलोच्या जवळपास. म्हणजे १८ किलो प्रोपेन चार-पाच रात्री पुरतं, स्वयंपाक आणि गरम पाणी वेगळं. क्लास सीची टाकी गाडीला पक्की बसवलेली असते. सिलिंडरसारखी बदलता येत नाही, गाडीच घेऊन भरायला जावं लागतं, आणि भरतात ती ८० टक्क्यांपर्यंतच. व्हाइटहॉर्स, डॉसन, टोक इथे भरायचं, मधल्या वस्त्यांवर विसंबायचं नाही. थंडीत प्रोपेनचं वायूत रूपांतर होणं थांबेल ही भीती मात्र सोडा. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळतं. अडचण ब्युटेनची असते, ते शून्याच्या जरा खालीच थंड बसतं. बाहेर चहा करायला ब्युटेनच्या डब्याची शेगडी नेणार असाल तर ती सकाळी धड पेटणार नाही.

पहाटे फर्नेस बंद पडते तेव्हा शंभरातले बहुतेक जण प्रोपेनच्या काट्याकडे बघतात. दोष बहुधा बॅटरीचा असतो. फर्नेसचा पंखा १२ व्होल्टवर आठेक अँपिअर खेचतो. अर्धा वेळ चालला तरी बारा तासांत ४८ अँपिअर-तास गेले. १०० अँपिअर-तासांच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून सुखानं निम्मेच घेता येतात, आणि थंडीत ते निम्मेही भरत नाहीत. व्होल्टेज पडलं की पंखा मंदावतो. पंख्याच्या वाऱ्यावर हलणारी एक पातळ पत्री असते, सेल स्विच म्हणतात तिला. पुरेसा वारा लागल्याशिवाय ती गॅस सुटू देत नाही. लक्षण असं की पंख्याचा आवाज येतो, पण ठिणगीची टकटक होत नाही आणि येते ती थंड हवा. इंजिन अर्धा तास चालवा किंवा जनरेटर लावा, फर्नेस पेटते. जनरेटर गाडीच्याच पेट्रोलवर चालतो, पण टाकी पाव भागाखाली गेली की त्याला पेट्रोल मिळत नाही. तुम्हाला निदान निघता यावं म्हणून तशीच रचना केलेली असते. म्हणून मुक्कामाला नेहमी निम्म्याहून जास्त टाकीनं जावं. जनरेटरच्या तासांचे पैसे वेगळे लावतात, तेही विचारून घ्या. गाडीत लिथियम बॅटरी असेल तर तिला शून्याखाली चार्ज होऊ न देणारं संरक्षण आहे ना, हे पाहा. रात्रभर गारठलेल्या लिथियम पेशींत सकाळी निघताच अल्टरनेटरचा करंट गेला तर त्या कायमच्या खराब होतात.

ओल ही दुसरी कटकट, आणि ती कोणी सांगत नाही. एक किलो प्रोपेन जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. फर्नेसची वाफ धुराड्यातून बाहेर जाते, शेगडीची आतच राहते. त्यात झोपलेल्या माणसांचे श्वास. सकाळी ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगाची गादी उचलून बघा, खालचं प्लायवूड ओलं असतं. छताची झडप बोटभर उघडी ठेवायची, ड्रायव्हरच्या केबिनचा पडदा ओढून घ्यायचा आणि मोठ्या काचेला चमकत्या फुगेरी फॉइलचा तुकडा कापून लावायचा. सगळ्यात जास्त ऊब त्या काचेतूनच जाते. शेगडीवर खोली गरम करायची नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गाडी घेतानाच बटण दाबून तपासायचा. बर्फ पडलं तर फर्नेसचं बाहेरचं तोंड मोकळं आहे ना, हे झोपण्याआधी पाहायचं.

कंपनीनं गाडी आधीच ‘विंटराइझ’ करून दिली तर? सप्टेंबरअखेरीस हा प्रकार होतो. पाइपांतलं पाणी काढून गुलाबी रंगाचं प्रॉपिलिन ग्लायकोल भरलेलं असतं, वॉटर हीटर रिकामा करून बायपास केलेला असतो. अशा गाडीत नळ, शॉवर, गरम पाणी काहीच नाही. पिण्याला २० लिटरचे दोन डबे आत ठेवायचे, भांडी टबात धुवायची, टॉयलेटला डब्यातलं पाणी आणि वर थोडं गुलाबी द्रव ओतायचं. चालतं, पण मग तेवढ्या मोठ्या गाडीचं भाडं कशाला भरायचं? बुकिंगच्या आधी लेखी विचारा: ‘माझ्या तारखांना पाण्याची व्यवस्था चालू असेल का?’ उत्तर गुळमुळीत आलं तर ‘नाही’ समजा.

कॅम्पग्राउंडना मात्र पूर्ण गुण. युकॉन सरकारची कॅम्पग्राउंड साधी, स्वच्छ आणि जागेला तोड नाही अशी आहेत. सरपण शुल्कातच धरलेलं असतं. ओंडके मोठे असतात आणि कुऱ्हाड मोटरहोमच्या किटमध्ये सहसा नसते. पहिल्याच दिवशी विकत घ्या. वीज नाही, शॉवर नाही, डम्प स्टेशन, म्हणजे टाक्यांतलं सांडपाणी सोडायची जागा, नाही. हातपंपाचं पाणी उकळून प्यायचं. सेवा बहुतेक ठिकाणी सप्टेंबरअखेर बंद होते. गावांतल्या खासगी आरव्ही पार्कांत वीज-पाण्याच्या जोडण्या असतात, पण जोराचं पहिलं गोठलेलं दहिवर पडताच ते बाहेरचे नळ बंद करतात. त्यामुळे महिन्याच्या शेवटी खरी टंचाई जागेची नसते. पाणी भरायची आणि काळी टाकी, म्हणजे टॉयलेटच्या मैल्याची, रिकामी करायची ठिकाणं कमी होतात. मोठ्या गावात डम्प उघडं दिसलं की टाकी अर्धी भरलेली असली तरी रिकामी करून घ्या.

रस्त्यावर सगळ्यात त्रासाचा पट्टा बर्वॉश लँडिंग ते अलास्काची सरहद्द. खाली कायम गोठलेली जमीन आहे; ती जागोजागी वितळते, खचते आणि डांबराच्या लाटा होतात. वाईट लाटेच्या बाजूला छोटे झेंडे लावलेले असतात. क्लास सीचा मागचा भाग चाकांच्या बराच पलीकडे लोंबता असल्यामुळे लाटेवर तो उसळतो आणि कपाटातल्या बशा बाहेर येतात. साठच्या वेगानं चालवा, झेंडा दिसला की चाळीस. कपाटांच्या खिट्ट्या, फ्रिजचं दार आणि छताची झडप निघण्याआधी हातानं दाबून पाहा. त्या पट्ट्याच्या व्हाइटहॉर्सकडच्या बाजूला, क्लुआनी लेकच्या दक्षिण टोकाला, वारा असेल तर धुळीचा पडदा उभा राहतो. कास्कावुल्श हिमनदी मागे सरल्यानं २०१६ मध्ये स्लिम्स नदीचं बरंचसं पाणी दुसऱ्या खोऱ्यात वळलं आणि नदीचं पात्र उघडं पडलं. ती त्या पात्रातली माती. बघण्यासारखं आहे, पण उंच गाडीला तिथला आडवा वारा चांगलाच ढकलतो.

घड्याळाचा एक चकवा ध्यानात ठेवा. युकॉननं २०२० पासून वर्षभर एकच वेळ ठेवली आहे आणि ती सूर्याच्या जवळपास दोन तास पुढे आहे. २२ सप्टेंबरला व्हाइटहॉर्समध्ये सूर्य आठच्या सुमाराला उगवतो, आणि दिवस रोज पाच-सहा मिनिटांनी आखडतो. सावलीतल्या वळणांवरचं दहिवर दहापर्यंत सुटत नाही. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढंच चालवायचं ठरवलं तर दिवसाला ३०० किलोमीटर पुष्कळ झाले. सप्टेंबरअखेर मूसचा, म्हणजे इथल्या प्रचंड हरणाचा, माजाचा काळ असतो आणि नर रस्त्याचं भान सोडून फिरतात. तिन्हीसांजेला गाडी चालवू नका.

टायरची हवा रोज सकाळी, गाडी थंड असताना बघा. पारा पाच-सहा अंशांनी उतरला की दाब सुमारे दोन टक्के कमी होतो, आणि जुळ्या चाकांतलं आतलं चाक बसलं तरी बाहेरून कळत नाही. व्हॉल्व्हपर्यंत पोचणारा लांब मानेचा गेज गाडीत नसेल तर मागून घ्या. काचेला खडा बसणं जवळपास गृहीत धरायचं. विम्यात काच आहे का, आणि छत व गाडीचं पोट वगळलं आहे का, हे बारीक अक्षरांत असतं. गावाबाहेर मोबाइल चालत नाही. सॅटेलाइट मेसेंजर भाड्यानं मिळतो, घ्या. रस्त्याची स्थिती निघण्याआधी ५११ युकॉन आणि अलास्काच्या ५११ वर पाहायची.

गाडी व्हाइटहॉर्सलाच परत न करता दक्षिणेला व्हँकुव्हरकडे नेऊन सोडण्याच्या ऑफर हंगामाच्या शेवटी येतात आणि फार स्वस्त दिसतात. १ ऑक्टोबरपासून ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेकडच्या हायवेंवर हिवाळी टायर सक्तीचे आहेत: टायरवर ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) किंवा डोंगर-हिमकणाचं चिन्ह, आणि किमान साडेतीन मिलिमीटर खोल खाच. गाडीला ते आहेत का, हे कंपनीकडून लेखी घ्या. त्या वाटेवरचा एक मुक्काम मात्र ऑफ-सीझनलाच खरा खुलतो, लियार्ड रिव्हर हॉट स्प्रिंग्ज. वर्षभर उघडं असतं, पाणी ४२ ते ५२ अंश. आसपास रस्त्यावर रानगवे, म्हणजे वुड बायसन, कळपानं उभे असतात आणि गडद अंगामुळे अंधारात अजिबात दिसत नाहीत. तिथे उजेडातच पोचा.

डॉसनजवळून उत्तरेला आर्क्टिककडे जाणाऱ्या खडीच्या डेम्प्स्टर हायवेसाठी ही गाडी नको. बहुतेक करारांत तो रस्ता निषिद्धच असतो. खडी धारदार आहे आणि सुरुवातीनंतर पहिलं पेट्रोल ३६९ व्या किलोमीटरला, ईगल प्लेन्सला. टूमस्टोन पार्कचं कॅम्पग्राउंड ७२ व्या किलोमीटरला आहे. तिथपर्यंत जायची लेखी परवानगी मिळते का ते विचारा. टुंड्राचा लाल रंग ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात असतो, नंतर पानं झडतात. तारखा तुमच्या हातात असतील तर सगळा बेत त्या रंगाभोवती बांधा. पाण्याचा प्रश्नही तेव्हा येत नाही.

महिन्याच्या शेवटीच जायचं असेल तर क्लास सीऐवजी फोर-बाय-फोर पिकअपवरचा ट्रक कॅम्पर मागा, आणि ‘चारही ऋतूंचा’ असेल तोच. त्याच्या टाक्या उबेच्या आत असतात, गरम करायची जागा कमी म्हणून प्रोपेन आणि बॅटरी दोन्ही जास्त पुरतात, आणि काही कंपन्या जादा शुल्क घेऊन त्याला खडीचे रस्तेही मोकळे करतात. दोन माणसांना पुरतो, चौघांना नाही. ऑक्टोबरमध्ये त्यालाही आमचा कौल नाही. हिवाळी टायरची साधी गाडी आणि गावातली खोली घ्यावी.

परतीच्या दिवसाचं एक. गाडी टाक्या रिकाम्या करून द्यावी लागते, नाहीतर दंड पडतो, आणि व्हाइटहॉर्सचं नेहमीचं डम्प त्या आठवड्यात बंद झालेलं असू शकतं. आदल्या संध्याकाळी फोन करून कुठलं उघडं आहे ते विचारा. पहाटे गोठण असेल तर रात्रीच करड्या (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याच्या) आणि काळ्या टाकीत दोन-दोन लिटर गुलाबी द्रव ओतून ठेवा. ते झडपेशी साचतं आणि सकाळी दांडा ओढला की झडप सरकते. नाहीच सरकली तर जोर लावू नका, दांडा तुटतो. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं झडपेवर दहा मिनिटं धरा आणि मग ओढा.